तोच तो निळा शर्ट

लाँड्रीत लोक काय विसरून जातील याचा नेम नाही. चाव्या, चष्मे, कवळ्या तर रोजच्याच. एकदा एका ओव्हरकोटाच्या खिशात जिवंत कासव निघालं होतं, आणि मशीनमधून धुऊन निघाल्यावर ते आधीपेक्षा तरतरीत झालं असं आत्या शपथेवर सांगायची. पण अख्खी बेस गिटार विसरणारा माणूस एकच. त्याने गिटारची काळी खोळ धुवायला टाकली, "उद्या नेतो" म्हणाला आणि घाईत निघून गेला. आत्याने खोळीची चेन उघडली, तर आत गिटार तशीच! चार तारा, एकेक कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाड.

तो आला तेव्हा मधे एक हिवाळा उलटून गेला होता. आत्याने परीटघडी घातलेली खोळ त्याच्या हातात ठेवली.

"आत काही होतं का हो?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"होतं की. आणू?"

"नको, नको! घरी सांगतो, धुण्यात आटली म्हणून." आणि तो गेला तो असा हलका होऊन, की त्याच्या मागे दार आपोआप लागलं.

तर ती गिटार अशी खर्जीच्या गळ्यात पडली. खर्जी म्हणजे आत्याची भाची. हे नाव तिला पाळण्यातच पडलं होतं, कारण इतर पोरं टिपेला रडतात आणि ही अशी खालच्या पट्टीत रडायची की घरच्यांना वाटायचं, बाहेर ट्रक उभा आहे. तिची आई लांबच्या गाड्यांवर तिकिटं तपासायची. ती घरी असली की झोपलेली असायची, आणि बेस चालू असल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही. बाबा दुकानात इस्त्री करायचे आणि आत्या काउंटर, मशीन, गिऱ्हाइकं आणि बाबा असं सगळं सांभाळायची.

खर्जी सरावाला बसायची ती मागच्या खोलीत, म्हातारीच्या शेजारी. म्हातारी म्हणजे धुण्याचं मोठं मशीन. तिच्याइतका आवाज खर्जीचाही नव्हता, म्हणून तिथे कुणाची तक्रार नसे. म्हातारीला एक खोड होती. कपडे पिळायची वेळ आली की ती अंगात आल्यासारखी थरथरत खोलीभर चालायला लागायची. एकदा ती दारातून निघून थेट रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि आत्याने तिला कान धरून परत आणलं होतं. तेव्हापासून पिळणं सुरू झालं की आत्या चहाचा कप घेऊन तिच्यावर बसायची. मशीन गदागदा हलायचं, पण कपातला एक थेंब सांडायचा नाही.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. खर्जीने सगळ्यात जाड तार छेडली की वर खुर्चीतल्या माणसाचे हलणारे दात आपसूक बाहेर पडायचे. डॉक्टर पहिल्यांदा भांडायलाच आले होते. दुसऱ्या वेळी मिठाईचा डबा घेऊन आले. मग तर ठरूनच गेलं. अडेलतट्टू दाढ आली की ते टाचेने जमिनीवर दोनदा ठोकायचे आणि ओरडायचे, "खर्जी, जरा खालची तार!" खाली ती एक झणका द्यायची, वर ताटलीत टण् करून आवाज व्हायचा. डॉक्टरांना स्वतःला ड्रमचा नाद. दवाखान्यात पडद्यामागे त्यांनी पूर्ण सेट मांडला होता आणि सुट्टीच्या दिवशी ते मन लावून बडवायचे.

आता खरी गोष्ट. शहरातल्या संगीत विद्यालयात बेसची जागा वर्षाला एकच निघायची. खर्जीने "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत वयाची अट काठावर आणून ठेवली होती. यंदा आत गेली तर गेली, नाहीतर कायमचं राहिलं. आणि राहिलं तर काय, हेही ठरलेलं होतं. आत्याचे गुडघे कुरकुरत होते, काउंटरमागचं स्टूल रिकामं व्हायला आलं होतं. खर्जीला लाँड्री नावडती नव्हती. फक्त त्या स्टुलाकडे बघितलं की तिच्या बोटांना गार वाटायचं.

परीक्षेत दोन गोष्टी होत्या. एक आपल्या आवडीची चीज वाजवायची. ती तिची पाठ होती, झोपेतून उठवलं तरी वाजवेल अशी. दुसरी म्हणजे विद्यालयाचा ड्रमर समोर बसवणार, एक नवीन कागद पुढे ठेवणार आणि दोघांनी मिळून वाजवायचं.

"त्यात काय," खर्जी म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही बसा ड्रमवर. बघू."

खर्जी गिटार घेऊन वर गेली, डॉक्टर बसले. खर्जीने सुरुवात केली, झकास. संथ, भरदार, पाण्यात कपडे डुचमळावेत तशी. डॉक्टर मान डोलवायला लागले. मधेच खर्जी थांबली. नुसती थांबली. डॉक्टरांची काठी हवेत. चार श्वास गेले, आणि मग ती जी सुटली! डॉक्टर तिच्यामागे धावताना घामाघूम झाले, एक काठी खिडकीतून रस्त्यावर गेली, चष्मा झांजेवर पडला.

"अगं ए! आग लागलीय का कुठे?"

"का? काय झालं?" खर्जीला खरंच काही कळलं नव्हतं.

"दुसरं काहीतरी वाजव."

तिने दुसरं वाजवलं. पुन्हा तेच. तिसरं वाजवलं. पुन्हा आधी संथ, मग थांबली, मग सुसाट.

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि दाताचं मूळ किडल्याचं सांगताना काढायचे तो आवाज काढला. "बाळ, तू धुतेस. मग पाणी सोडतेस. आणि मग पिळतेस."

आत्या दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "म्हातारीने नादी लावली पोरीला!"

खरंच होतं. शिकल्यापासून एकही दिवस खर्जीने म्हातारीशिवाय वाजवलं नव्हतं. तिच्या बोटांत मशीनचा सगळा फेरा मुरला होता. मधली ती चार श्वासांची गप्प जागा म्हणजे पाणी सोडायची वेळ!

डॉक्टरांनी औषध दिलं. लंबक हलवत टिकटिक करणारं लय धरायचं यंत्र. आत्याने ते नीट दिसावं म्हणून म्हातारीच्याच डोक्यावर ठेवलं. पहिल्या दिवशी यंत्र टिकटिक करत राहिलं. दुसऱ्या दिवशी ते मधे जरा अडखळलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी पिळायला लागताच तेही फडफडत सुटलं, आणि त्यानंतर कुठेही ठेवलं तरी आधी संथ, मग गप्प, मग सुसाट. डॉक्टरांनी ते दुरुस्तीला नेलं. दुकानदार म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, याला संगत वाईट लागली.

मग आत्याने म्हातारी बंदच ठेवली. तर खर्जीच्या हातून सूर फुटेना. बसायची, तारांवर बोटं ठेवायची आणि भिंतीकडे बघायची. इकडे धुणं साचत साचत छताला टेकलं. एक गिऱ्हाईक आपला मोजा शोधायला त्या ढिगात शिरलं ते जेवायच्या वेळेलाच बाहेर आलं.

"राहू दे आत्या," खर्जी म्हणाली. "मी स्टुलावर बसते. मला बसल्या बसल्या लोकांशी बोलता येतं."

"तुला? तू गिऱ्हाइकाला 'या' म्हटलंस तर त्याला वाटेल, आतून कुत्रं गुरगुरलं. गप बस."

ती गिटार मांडीवर घेऊन बसली. आत्याही बसली. मशीन बंद, वरचा दवाखाना बंद, रस्ता दुपारचा पेंगत होता. आणि त्या शांततेत पुढच्या खोलीतून आवाज आला. सर्र... सर्र... ठप. सर्र... सर्र... ठप.

बाबा इस्त्री करत होते. मुळात शांत माणूस. घाई हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. एकदा दुकानाच्या पडद्याने पेट घेतला होता, तर त्यांनी हातातली कॉलर पुरी केली, मग पाणी ओतलं आणि तेही कपड्यावर शिंपडतात तसं, बेताबेताने. सर्र म्हणजे इस्त्री पुढे, सर्र म्हणजे मागे, ठप म्हणजे उभी ठेवली. वर्षानुवर्षं तीच चाल.

खर्जीची बोटं आपोआप हलली. सर्रला एक सूर, ठपला दुसरा. मधे थांबणं नाही, शेवटी धावणं नाही. चीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीत गेली, आणि ती ताडकन उठून पुढच्या खोलीत धावली.

"बाबा! तुम्ही थांबू नका! मी तुमच्यावर वाजवतेय!"

इथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी बाबा भांग पाडून, नवी विजार घालून टेबलापाशी उभे. फोटो काढायला उभा राहतो तसा चेहरा. "सुरू करू?" त्यांनी विचारलं आणि इस्त्री उचलली. सर्र... ठप... सर्र सर्र सर्र... अरेरे... ठप ठप. हात कापायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उशीचा अभ्रा जाळला.

"कुणी ऐकतंय म्हटलं की मला नाही जमत गं," ते हिरमुसून म्हणाले.

आत्या सगळं बघत होती. संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "सोड तो नाद. पोरगी मशीनवरच वाजवणार म्हणतेय. तू आपला तुझं काम बघ." आणि खर्जीला मागे नेऊन म्हणाली, "स्पीकर काढून टाक. तारा नुसत्या हलव, आवाज बाहेर जायला नको. त्याला कळता कामा नये."

"म्हणजे बाबांना फसवायचं?"

"फसवायचं कसलं? इस्त्री तर तो करतोच आहे ना!"

तेव्हापासून म्हातारी फक्त सकाळी चालायची आणि दुपारभर फळीच्या भिंतीआड खर्जी कान लावून बसायची. बाबांची चाल परत आली, लोण्यासारखी. एकच अडचण होती, गिऱ्हाइकीचा मोसम नव्हता. अर्ध्या दुपारीच कपडे संपायचे, बाबा इस्त्री थंड करून पेपर वाचायला घ्यायचे आणि खर्जीची चीज अधांतरी लटकायची.

आत्या डोकेबाज. तिने इस्त्री केलेले शर्ट उचलले, मागे नेले, चुरगळले, पिळले, त्यांच्यावर बसली, आणि पुन्हा बाबांच्या पुढ्यात टाकले. "घे, आणखी आले. लोकांना काय झालंय कोण जाणे."

"छान," बाबा म्हणाले. "धंदा वाढला."

तेच शर्ट पुन्हा. आणि पुन्हा. त्यात डॉक्टरांचा एक निळा शर्ट होता. तो आत्याचा लाडका, कारण सुती होता आणि बघता बघता चुरगळायचा. दिवसातून किती वेळा त्या शर्टावर इस्त्री फिरली ते त्या शर्टालाच माहीत. डॉक्टर अधूनमधून डोकवायचे.

"ताई, माझा निळा शर्ट?"

"डाग हट्टी आहे, डॉक्टर."

"पण डाग नव्हताच."

"तेच तर! लपून बसलाय. शोधतेय."

परीक्षेच्या दिवशी आत्याने दुकानाला कुलूप घातलं. बाबांनी खर्जीसाठी पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली होती, बाहीची घडी अशी की कागद कापला जावा. डॉक्टरही निघाले. म्हणाले, दवाखान्यात आज तसेही सगळे घट्ट दातवाले आहेत.

विद्यालयाची बोळवजा लांब ओसरी, बाकांवर मुलं आपापल्या वाद्यांना मिठी मारून बसलेली. बेसवाले बरेच होते. एकाच्या गिटारला पाच तारा, एकाच्या सहा. खर्जीचं नाव पुकारलं तेव्हा तिला आपल्या चार तारा तीनच वाटल्या.

आत तीन परीक्षक होते. मधल्या बाई पेन्सिल चावत होत्या. खर्जीने आपली आवडती चीज वाजवली. ती बरी गेली. सुटली नाही, थांबली नाही. बाईंची पेन्सिल क्षणभर दातातून सुटली.

"आता ड्रमबरोबर," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

ड्रमवर काडीसारख्या हातांची एक मुलगी होती. सकाळपासून प्रत्येकाबरोबर तीच वाजवत होती आणि तिला कधी एकदा संपतंय असं झालं होतं. एक, दोन, तीन, चार! दोघी निघाल्या. कागदाचा पूर्वार्ध सुखरूप गेला. आणि तेवढ्यात बाहेर ओसरीत सफाईवाल्याने फरशी घासायचं मशीन लावलं.

घुर्र... घुर्र... घुर्रघुर्र...

खर्जीच्या पाठीतून कळ गेली. हा आवाज ती ओळखत होती. पिळणं! बोटं आतून ओढ घ्यायला लागली, चला, सुटा! ड्रमवाल्या मुलीलाही तो आवाज चावला असावा. तिच्या काठ्या पुढे पुढे सरकायला लागल्या. बाईंनी भुवई उचलली. एका ओळीचा अवकाश होता, दोघी हातात हात घालून टेकडीवरून घरंगळणार होत्या.

खर्जीने घाबरून दाराकडे बघितलं. दाराला काच होती. काचेपलीकडे बाकावर बाबा बसले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि विजारीवरून फिरत होता. पुढे, मागे, आणि बाजूला टेकला. पुढे, मागे, टेकला. त्यांच्या पायाशी ते मशीन भणाणत होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

सर्र... सर्र... ठप.

खर्जीने जाड तारेवर पाय रोवावा तसं बोट रोवलं. आत्या म्हातारीवर बसते तशी ती त्या चालीवर बसली. हलायचं त्याला हलू दे, कप सांडणार नाही! ड्रमवाली पुढे गेली, तिने मागे वळून बघितलं, तर बेस आपल्या जागी. आणखी थोडी पुढे गेली. बेस जागचा हलेना. मग तिने एक लांब श्वास सोडला, खांदे खाली सोडले आणि परत येऊन शेजारी चालायला लागली. कागद संपेपर्यंत ती हसत होती. शेवटचा सूर इतका खाली आणि इतका बरोबर पडला, की तिसऱ्या परीक्षकांनी गालाला हात लावला. त्यांची एक दाढ बरेच दिवस हलत होती.

"कुणाबरोबर सराव केलास?" बाईंनी विचारलं.

"इस्त्रीबरोबर," खर्जी म्हणाली.

उन्हं कलल्यावर बाई ओसरीत आल्या. बेसची जागा कुणाला, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. आत्या इतकी जोरात ओरडली की फरशीचं मशीन आपण होऊन बंद पडलं. डॉक्टरांनी सफाईवाल्याला मिठी मारली. खर्जी मात्र बाबांपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या मनात फळीच्या भिंतीआडच्या सगळ्या दुपारी दाटून आल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. मी चोरून..."

"निळ्या शर्टाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलंय," बाबा म्हणाले.

आत्याने पटकन डॉक्टरांकडे पाठ फिरवली.

"तो शर्ट एकाच दुपारी तिसऱ्यांदा पुढ्यात आला, तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांनी एकसारखे शिवून घेतले असतील. पण बटणही तिन्हींचं सारखंच?" ते गालात हसले. "आणि ताई, तू स्पीकर काढलास, पण जमीन कुठे काढलीस? तिने तार हलवली की माझ्या टेबलाचे पाय गुदगुल्या झाल्यासारखे करतात."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर मला ठाऊक आहे हे तिला कळलं असतं, आणि ती ऐकतेय हे मला विसरता आलं नसतं." त्यांनी हात बघितला, जणू तो दुसऱ्याचा असावा. "पहिले काही दिवस फार कापायचा. मग म्हटलं, पोरगी एवढी धडपडतेय, आपल्याला एक सरळ रेघ ओढता येऊ नये? सराव केला. तुला काय वाटलं, तू एकटीच तयारी करत होतीस?"

खर्जीने त्यांची विजार बघितली. उजव्या गुडघ्यावर अशी कडक घडी पडली होती, की तशी लाँड्रीत तापल्या इस्त्रीनेही कधी पडली नसेल.

घरी आल्यावर आत्याने काउंटरमागचं स्टूल पायाने ढकललं, त्यावर बसली आणि म्हणाली, "गुडघ्यांना विचारलंय. आणखी थोडं थांबतो म्हणाले." मग तिने फळीवरून एक घडी काढली आणि कागदात गुंडाळून डॉक्टरांपुढे ठेवली. "हं. निघाला एकदाचा डाग."

डॉक्टरांनी निळा शर्ट उलगडला. इतक्या इस्त्र्या खाऊन तो असा तलम झाला होता, की हातात धरला तरी पडत नव्हता, तरंगत होता. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. शर्टातून पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दिसला. तो जांभई देत होता.

डॉक्टर वाकून निरखत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "त्याची डावीकडची अक्कलदाढ काढायला झालीय."

आणि मागच्या खोलीतल्या खर्जीकडे बघून त्यांनी टाचेने जमिनीवर दोनदा ठोकलं.